वाटीतलं कोमट पाणी

त्या दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डाला दोन दारं होती. पुढच्या दारातून बायका पोट धरून आत यायच्या आणि बाळ छातीशी धरून बाहेर पडायच्या. मागचं दार अंगणात उघडायचं, आणि त्या दाराबद्दल कुणी बोलायचं नाही. या दोन दारांच्या मधे जिचं उभं आयुष्य गेलं ती वॉर्डाची थोरली सिस्टर. तोंडावर तिला सगळे नुसतं सिस्टर म्हणायचे. पाठ फिरली की मात्र तिचं नाव वाटीच्या सिस्टर. हे तिला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही, कारण तिचे कान भलतेच तिखट होते.

वाटी तशी साधीच होती. स्टीलची, झाकणाची, लग्नात मिळालेल्या भांड्यांतली. त्या संसारातली बाकीची भांडी पोचे पडून अडगळीत गेली, नवराही गेला. तो याच दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. वाटी मात्र औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून जशीच्या तशी राहिली. सकाळी कामावर आली की सिस्टर आधी पाणी उकळायची, वाटीत ओतायची आणि झाकून ठेवायची. बहुतेक दिवस संध्याकाळी ते पाणी ती कुंडीतल्या झाडाला घालायची. तसा दिवस गेला की स्वारी खुशीत असायची, आयाबाईला उगीचच चहा पाजायची.

पण एखाद्या दिवशी ती वाटी खाली निघायची. एखादं बाळ वेळेआधी आलेलं असे, एखादं निळं पडत असे. डॉक्टरीणबाई मान हलवून बाजूला झाल्या की सिस्टर बाळाच्या आईबापांशी हळू आवाजात दोन शब्द बोलायची. त्यांनी हो म्हटलं तरच पुढे. ज्यांचा देव वेगळा त्यांच्या बाळाला ती असल्या कामासाठी कधी बोटही लावायची नाही, आणि आपल्यातल्या एखाद्या बापाने नको म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायची, भांडायची, पण त्याच्या होकाराशिवाय हात उचलायची नाही. होकार आला की वाटीतल्या पाण्यात थोडं गरम पाणी मिसळायची, कोपरावर थेंब टाकून बघायची, अंघोळीचं पाणी बघतात तसं, आणि मग बाळाच्या टाळूवर तीनदा धार धरून ते शब्द म्हणायची. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. झाला बाप्तिस्मा.

आयाबाईने एकदा विचारलं होतं की सिस्टर, जाणाऱ्या जिवाला पाणी गार काय नि कोमट काय. जाणारा असला म्हणून काय झालं, दचकतो तो, असं सिस्टर म्हणाली आणि आयाबाईला फरशी पुसायला पाठवलं.

हे सगळं तिला शिकवलं होतं एका म्हाताऱ्या मदरने, जिच्या हाताखाली ती नर्स झाली. मदर करड्या शिस्तीची होती, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची. तरुणपणी सिस्टरने तिला विचारलं होतं, एवढ्याशा पोराने असं काय पाप केलंय की ते धुवावं लागतं? मदर म्हणाली, आजारी आईच्या पोटी आलेलं मूल आजार घेऊनच येतं, त्यात त्याचा काय दोष. पण औषध द्यावंच लागतं की नाही? माणसाच्या जातीलाच जो आजार लागलाय त्यावरचं हे औषध. आईच्या पोटातून येतो तो पहिला जन्म, पाण्यातून येतो तो दुसरा, आणि देवाच्या घरात शिरायचं ते या दुसऱ्या जन्माच्या दाराने. एरवी हे काम फादरचं. देवळात, धर्ममातेच्या मांडीवर, पांढरा झगा घालून, मेणबत्ती लावून. पण जीव जाऊ लागला तर फादरची वाट बघायची नाही. कुणीही करू शकतं. डॉक्टर, झाडूवाली, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, फक्त चर्च ज्या हेतूने करतं तोच हेतू त्याच्या मनात हवा. पाणी वाहिलं पाहिजे आणि जो पाणी ओततो त्यानेच शब्द म्हटले पाहिजेत.

आणि बाळ जिवंत पाहिजे. हे मदरने दोनदा सांगितलं होतं. हा संस्कार जिवंत माणसाचा आहे, मेलेल्याला तो देता येत नाही. कधीकधी कळतच नाही, बाळ आहे की गेलं. तेव्हा शब्दांच्या आधी म्हणायचं, "जर तू जिवंत असशील तर". मग पुढचं सगळं नेहमीसारखं. असेल तर मिळालं, नसेल तर देव जाणे. पण लक्षात ठेव, मदर म्हणाली होती, हे 'जर' तुझ्या शंकेसाठी दिलंय. तुला पक्कं माहीत असताना स्वतःची समजूत घालायला ते वापरायचं नाही.

सिस्टरने ते अनेकदा वापरलं. मनापासून वापरलं, कारण शंका खरी असायची. पण जसजशी वर्षं गेली तसतशी तिच्या बोटांना खोड लागली. बाळाच्या छातीवर बोट टेकवलं की तिला कळायचं. डॉक्टरीणबाई नळी कानाला लावून ऐकत असायच्या, तोवर सिस्टरचं बोट उठलेलं असायचं. शंका घेण्याची सोय हळूहळू तिच्या हातून निघूनच गेली. या गोष्टीचा तेव्हा तिला अभिमान वाटायचा, आणि कुणी कौतुक केलं तर ती नाही नाही म्हणत दोनदा ऐकून घ्यायची.

वॉर्डात मात्र वाटीची दहशत बसली होती. सिस्टर कपाटाकडे वळली की खाटेवरच्या बायका तोंडं भिंतीकडे फिरवायच्या. वाटी निघाली, असं एकमेकींना सांगायच्या, आणि याचा अर्थ एकच होता. आयाबाई तर म्हणायची की सिस्टर, नुसता कापूस काढायला जाताना तरी ओरडून सांगत जा, इकडे बायकांच्या तोंडचं पाणी पळतं. खरं सांगायचं तर वाटीतलं पाणी घेऊनही जगलेली बाळं होती. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची मुलगी त्यातलीच. आता ती दुकान सांभाळते, गिऱ्हाइकांशी कडाकडा भांडते. पण अशी पोरं कुणी हिशेबात धरायचं नाही. ती जगायचीच होती, म्हणायचे. मेली ती वाटीने मेली.

सिस्टरला एकच लेक. दवाखान्याच्या मागच्या खोल्यांत वाढलेली. बापाच्या गाडीचा भोंगा आणि वॉर्डातली रडारड हेच तिचं अंगाईगीत. इतर मुली बाहुलीचं लग्न लावायच्या, ही बाहुल्यांना बाप्तिस्मा द्यायची. चमच्यात पाणी घ्यायची, कोपरावर थेंब टाकायची आणि आईच्या आवाजात सगळे शब्द घडाघडा म्हणायची. सिस्टरला ते आवडलं नव्हतं. एकदा तिने लेकीच्या हातून चमचा काढून घेतला आणि सांगितलं की बाहुलीत जीव नाही, तिला हे चालत नाही. लेकीने थोडा विचार केला. मग चमचा परत मागून घेतला आणि बाहुलीला म्हणाली, "जर तू जिवंत असशील तर." सिस्टरला हसू आवरेना. ते तिने नवऱ्याला सांगितलं, त्याने गाडीवर सगळ्यांना सांगितलं, आणि कितीतरी दिवस दवाखान्यात तोच विनोद चालला होता.

लेक मोठी झाली, लग्न होऊन त्याच शहरात दुसऱ्या टोकाला गेली. जावई शिकवण्या घेणारा, शांत, बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा. विहीणबाई हौशी, तोंडाने फटकळ, पण मनाने बऱ्या. लेकीची कूस मात्र भरत नव्हती. भरली की रिकामी व्हायची. असं होत होत एकदा गर्भ टिकला, आणि सगळ्यांनी श्वास रोखून धरला. विहीणबाईंनी आपल्या लग्नाचा पांढरा झगा उसवला आणि त्यातून बाळासाठी बाप्तिस्म्याचा झगा शिवला, पायांखाली हातभर लोंबेल असा. नाव लेकीने आणि जावयाने ठरवून टाकलं, पण ते कुणाला सांगायचं नाही असा त्यांच्या घरचा शिरस्ता होता. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडताना नाव पहिल्यांदा मोठ्याने घ्यायचं, तोवर बाळ नुसतं बाळ. पाण्याबरोबर लागलेलं नाव देवालाही तेव्हाच कळतं, असं विहीणबाई सांगायच्या. सिस्टरने लाडीगोडी लावून पाहिली, पण लेकीने तोंडाला कुलूप लावलं.

बाळ वेळेच्या फार आधी आलं. सिस्टरच्याच वॉर्डात, सिस्टरच्याच हातांवर. मुलगा होता. तळहातावर मावेल एवढा, कातडीखालची शीर न् शीर दिसत होती. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मधेच तो श्वास घ्यायला विसरायचा. मग त्याच्या तळपायावर टिचकी मारायची, की आठवण झाल्यासारखा तो पुन्हा घ्यायचा. लेक पेटीशेजारी खुर्ची टाकून बसली ती उठायलाच तयार नव्हती.

फादर तेव्हा दूरच्या वस्त्यांच्या फेरीवर गेले होते, रविवारी परतणार होते. विहीणबाईंचं म्हणणं, रविवारी फादरांना इथेच बोलावू, झगा घालू, सगळं रीतसर करू. सिस्टर तोंडाने हो म्हणाली. दुसऱ्याचं बाळ असतं तर तिने पहिल्याच दिवशी वाटी काढली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. त्या आठवड्यात एका सकाळी बाळ लागोपाठ श्वास घ्यायला विसरलं, टिचकीला दाद देईना. डॉक्टरीणबाई धावत आल्या तेव्हा कुठे तो परत रडला. सिस्टर सरळ कपाटाकडे गेली. पाणी कोमट केलं, कोपरावर पाहिलं, वाटी पदराखाली झाकून पेटीपाशी आली. पण ज्या लेकीने चमच्याने बाहुल्यांना न्हाऊ घातलं होतं तिच्यापासून वाटी काय लपणार?

"आई, ती वाटी परत ठेव."

"अगं, नुसतं पाणी घालून ठेवते. रविवारी बाकीचं सगळं फादर थाटात करतील. त्यात काही कमी होत नाही."

"ते कुणाला घालतात ते मला माहितीये. मी इथेच वाढले."

सिस्टरने बेकरीवाल्याच्या मुलीचं उदाहरण दिलं. लेक ऐकून घेत होती की नाही कुणास ठाऊक. तिने पेटीवर दोन्ही हात पसरले होते.

"तू वाटी काढलीस म्हणजे तू त्याला सोडलंस," ती म्हणाली. "तूच सोडलंस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

इथे सिस्टरने भांडायला हवं होतं. हट्टी बापांशी ती भांडलेली होती, रडून कोसळलेल्या आयांना तिने खांद्याला धरून समजावलं होतं, आणि बहुतेक वेळा होकार मिळवला होता. पण लेकीशी ती भांडली नाही. आईच्या होकाराशिवाय करायचं नाही हा आपला नियम, असं तिने स्वतःला सांगितलं. नंतर लोकांना सांगताना म्हणायची की लेकीचं मन मोडवेना. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही बहाणा होता. लेकीने नको म्हटलं तेव्हा तिला आतून हायसं वाटलं होतं. वॉर्डातल्या खुळ्या बायकांना ती इतकी वर्षं हसत आली, आणि आज तिलाही वाटीची तीच भीती वाटत होती. वाटी वर राहिली तर बाळ राहील, असं त्या क्षणी तिला वाटलं. तिने वाटी फळीवर ठेवली, आणि येऊन लेकीच्या केसांतून हात फिरवला. दोघीही त्या दिवशी थोड्या हसल्या. बाळाने कापसाच्या बोळ्याने दोन-चार थेंब दूध घेतलं होतं.

शनिवारी दुपारी, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असताना, सिस्टर एका अडलेल्या बाईपाशी प्रसूतीच्या खोलीत होती. बाळ पायाळू होतं, सिस्टरला हात मोकळा करता येत नव्हता. लेकीला सगळ्यांनी मिळून कसंबसं अंघोळीला पाठवलं होतं. आयाबाई दाराशी येऊन नुसती उभी राहिली. सिस्टरने हातातलं बाळ बाहेर काढलं, त्याचं रडणं ऐकलं, दुसरीच्या हातात दिलं आणि मग धावली.

ती पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई पेटीपासून बाजूला झाल्या होत्या. सिस्टरने हात आत घातला आणि नातवाच्या छातीवर बोट टेकवलं. बोटाने लगेच सांगितलं. एरवी ती लगेच उचलायची, पण आज उचललं नाही. तसंच ठेवलं. जरा कुठे काही हललंय का, आपलीच नाडी असेल पण त्याची वाटावी, एवढी फसगत तरी व्हावी म्हणून ती देवाकडे शंका मागत राहिली. शंका आली नाही. बाळ हाताला गार लागत होतं.

लेक ओल्या केसांनी आली. पेटीकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं. रडली नाही.

"आता कर," ती म्हणाली. "आण तुझी वाटी."

सिस्टर कपाटाकडे गेली. त्या दिवशी वॉर्डातल्या बायकांनी तोंडं फिरवली नाहीत, सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. सकाळचं पाणी गार झालेलं होतं. तिने त्यात गरम पाणी मिसळलं आणि कोपरावर थेंब टाकून पाहिलं. ते बघून आयाबाई तोंडात पदर कोंबून बाहेर निघून गेली.

तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि नाव विचारलं. लेकीने वाकून तिच्या कानात सांगितलं. छान नाव होतं. सिस्टरने टाळूवर धार धरली आणि ते नाव घेऊन शब्द म्हटले, आणि त्यांच्या आधी, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, मदरने शिकवलेलं ते 'जर' म्हटलं. दुसऱ्या कुठल्याही आईला ते कळलं नसतं. आजवर कुणालाच कळलं नव्हतं, आया शब्दांकडे लक्ष देण्याच्या स्थितीत नसायच्या. पण ही लेक ते शब्द चमचा धरता येऊ लागला तेव्हापासून म्हणत होती.

"बाहुलीला मी म्हणायचे तसं म्हणालीस," लेक म्हणाली.

सिस्टरने बाळाच्या कपाळावरचं पाणी टिपलं.

"तुला शंका होती का, आई? थोडी तरी?"

हो म्हणायचं होतं. एक शब्द, आणि लेकीला जन्मभर पुरला असता. पण बाळ आहे की नाही हे विचारणाऱ्या आईशी सिस्टर आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, आणि जिभेला लागलेलं वळण मनाच्या आधी धावलं.

"नाही," ती म्हणाली.

विहीणबाई झगा घेऊन आल्या तेव्हा लेकीने बाळाला तो घातला. फार मोठा झाला. उरलेला कपडा तिने त्याच्याभोवती दोनदा गुंडाळला.

फादर रविवारी आले ते पुरायलाच. त्यांनी बाळाला सगळ्यांच्या मधे जागा दिली. पूर्वी बाप्तिस्मा न झालेली बाळं भिंतीपलीकडे पुरायचे, ती रीत त्यांनी कधीच मोडून काढली होती. क्रॉसवर काय लिहायचं ते जावयाने विचारलं. लेक काहीच बोलली नाही, म्हणून नुसती तारीख घातली.

पुढच्या आठवड्यात फादर सिस्टरच्या खोलीवर आले. माणूस भला होता, पोकळ धीर देणारा नव्हता. ते म्हणाले की बाप्तिस्मा हवाच, ते दार आपल्याला दाखवून दिलंय आणि ते सोडून दुसरं शोधायला जायचं नाही. पण देवाने आपल्याला त्या पाण्याशी बांधलं, स्वतःला बांधून घेतलेलं नाही. झगा शिवलेला होता, रविवार ठरलेला होता, आईबापांची इच्छा होती. ती इच्छा देव बघतो. त्या बाळाला त्याच्या दयेच्या हाती सोपवा, तिथे आशा धरायला चर्चची ना नाही.

सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "फादर, तो वाटीशिवाय आत जाणार असेल, तर मी इतकी वर्षं कशासाठी धावले? रडत्या आयांना उठवून उठवून होकार घेतले ते कशाला? आणि त्या पाण्याने खरंच काही होत असेल, तर माझा कुठे आहे?"

फादरांनी पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. म्हणाले, दोन्ही खरं असू शकतं. सिस्टर म्हणाली, तुमच्यासारख्या शिकल्यासवरलेल्यांना असू शकत असेल. त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच ती सोय हवी होती आणि तिच्या डोक्यात ती बसत नव्हती. आणि तिची इच्छा होती कुठे? तिने तर पाणी कोमट केलं होतं, पेटीपर्यंत नेलं होतं आणि परत फळीवर ठेवलं होतं. हे मात्र तिने तेव्हा फादरांना सांगितलं नाही. पुढे पापाच्या कबुलीच्या वेळी सांगितलं, त्यांनी क्षमा दिली, आणि ती क्षमा घेऊन ती घरी आली तेव्हा मनात सगळं होतं तिथेच होतं.

वॉर्डातलं काम तिने सोडलं नाही. वाटीही सोडली नाही. बाळ हातचं जाऊ लागलं की ती कपाटाकडे जायची, होकार घ्यायची, पाणी बघायची. हात पूर्वीसारखाच स्थिर होता. पूर्वी धार धरताना तिला वाटायचं की चला, एक तर सुखरूप पोचलं. आता दुसऱ्याच्या बाळाच्या कपाळावरून पाणी ओघळताना तिला हेवा वाटायचा. मेलेल्या पोरांचा हेवा. असला हेवा करणारी बाई आपण झालो, याची लाज वाटायची, आणि तरी तो वाटायचाच.

एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती, ते नाव. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती खोलीत गुडघ्यांवर बसायची आणि त्या नावाने त्याच्यासाठी मागणं मागायची. लागलं की नाही लागलं, पाण्याबरोबर गेलं की वाऱ्यावर गेलं, तिला ठाऊक नव्हतं. पण हाक मारायला काहीतरी होतं. तेवढ्यापुरता तो कुठेतरी आहे असं वाटायचं.

लेक आणि जावई दूरच्या गावी राहायला गेले. फोन यायचे, पण सणावाराला यावेत तसे, तब्येत कशी, हवा कशी. दिवस गेल्याचंही तिने जावयाकडून कळवलं. सिस्टरने बाळंतपणाला येऊ का विचारलं, तर तिकडे चांगला दवाखाना आहे, असं उत्तर आलं. ती समजायचं ते समजली.

मग एका दुपारी, सिस्टर वॉर्डातून नुकतीच परतली होती तेव्हा, लेकीचाच फोन आला.

"आई, मुलगा झाला. सकाळी. भरल्या वजनाचा आहे."

सिस्टरने देवाचे आभार मानले, वार नीट पडली का विचारलं, दूध येतंय का विचारलं. लेक नीट उत्तरं देत होती. मग म्हणाली की बाप्तिस्माही झाला.

"फादर आले होते?"

"मीच केला. तो रडला आणि लगेच. नर्सकडे पेलाभर पाणी मागितलं."

धडधाकट बाळाला असं करायचं नसतं, फादरची वाट बघायची असते, हे दोघींनाही माहीत होतं. सिस्टरने ते तोंडातून काढलं नाही. तिला एवढंच सुचलं, "पाणी कोमट होतं का गं?"

"गार होतं. केवढ्यांदा किंचाळला." लेक किंचित हसली असावी. "'जर' म्हणायची गरजच नव्हती."

पलीकडे बाळाचा आवाज येत होता. मग सिस्टरने नाव विचारलं, आता तर सांगायला हरकत नव्हती. लेक म्हणाली, "तेच."

"कुठलं?"

"तेच, आई. तुझ्या कानात सांगितलं होतं ते. त्याला लागलंच नव्हतं ना. म्हणजे मोकळंच होतं."

लेकीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या घरातली न वापरलेली वस्तू दुसऱ्या पोराला द्यावी तितक्या साधेपणाने ती म्हणाली होती, आणि त्यात चूक काढायला सिस्टरकडे तोंड नव्हतं. शंका नाही असं तिनेच सांगितलं होतं. तिने आशीर्वाद दिला, तब्येतीला जप म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ती नेहमीच्या जागी गुडघ्यांवर बसली. आधी नव्या बाळासाठी मागितलं, नाव घेऊन. नाव सहज तोंडात आलं, सवयीचं होतं. देवाला आता ते नाव कुणाचं ते नीट कळत असणार, पाण्याने लावलेलं, रडण्याने सही केलेलं. मग पहिल्यासाठी मागायला तिने पुन्हा तोंड उघडलं, आणि त्याला हाक कशी मारायची ते तिला कळेना.